तेहेतीस

गणपती पेठेत उपाध्यांच्या दुकानात
नातवानं नवा कप्पा केलाय, काचेचा, आत दिवा.
चिया. काळा तांदूळ. नारळाची साखर.
लाल मिरचीत घोळलेले मखाणे.
आणि चिमुकल्या पिशवीत, सुतळीची गाठ मारून, खपलीचा रवा.
किंमत मी दोनदा वाचली,
एकदा चष्मा लावून, एकदा काढून.
ही खपली आमच्या जतच्या गाडीला
टपावर चढायची पोत्यानं,
हमालीवरून भांडत.

"काका, नवीन आलंय, घेऊन बघा," सम्यक म्हणाला.
मी म्हणालो, मला अनारसे करायचेत.
दुकान जरा गप्प झालं.
गल्ल्यामागून पायगोंडाअण्णांनी मान वर केली,
"जुना तांदूळ दे त्यांना. खसखस मी तोलतो."
आणि सोनारासारखी तोलली.

बाहेर पडता पडता
तयार पिठाचं एक पाकीट मी उचललं,
छत्रीच्या घडीत घातलं.
असू दे. रस्त्यात चाक बसलं तर.

अधिक महिना तीन वर्षांनी येतो.
मागच्या अधिकात शालनचे हात शालनचे होते.
आता कप उचलला की बशी वाजते,
आणि आम्ही दोघं
बाहेर कोणी आलं का बघितल्यासारखं करतो.

ती खुर्चीत, मी ओट्याशी.
"तीन दिवस भिजत. पाणी रोज बदला,
विसरलात तर वासच सांगेल."
"सावलीत वाळवा. पार कोरडा नको."
"गूळ हाताला कळेल एवढा."
म्हणजे किती?
"हाताला विचारा की."
माझ्या हाताला सुट्टे पैसे कळतात.

"आणि जाळी पडली पाहिजे.
भोकाभोकांचंच वाण लागतं अधिकात,
जावयाला, तेहेतीस, वर दिवा ठेवून."
अगं, भोकं?
एकतीस वर्षं दुसरं काय केलं मी?
विटा, जत, कवठेमहांकाळ,
उभ्या गर्दीत, एका पायावर,
चिमट्यानं टकटक करत.

पाच दिवस पीठ डब्यात मुरलं.
सहाव्या दिवशी खसखशीवर गोळी थापली
अंगठ्यानं, ज्यानं तिकिटं फाडली त्याच.
तूप मंद. गोळी सोडली.
कडेनं बुडबुडे आले, छान आले,
आणि बघता बघता अनारसा फिस्कटला,
कढईभर झाला, खसखस तुपावर तरंगायला लागली.

"हसला!" शालन म्हणाली.
हसला म्हणजे?
"अहो, अनारसा असा विरघळला की हसला म्हणतात,"
आणि ती स्वतःच हसायला लागली,
खुर्चीसकट,
हात हलत होते ते हसण्यानं की कशानं
ते काही मिनिटं कळायला मार्ग नव्हता.

दुसराही हसला. तिसरा गालातल्या गालात.
मग तिनं थोडी तांदळाची पिठी मळायला लावली,
चौथा टिकला.
एकाच बाजूनं तळायचा, उलटायचा नाही,
झाऱ्यानं वरून तूप उडवायचं.
जाळी पडली. मी खिडकीशी नेऊन
उजेडाकडं धरून बघितली,
तिकीट खरं की खोटं बघतात तशी.

रात्री मोजले. एकोणतीस.
डब्यात पीठ संपलेलं.
शालनचा डोळा लागला तेव्हा
छत्रीतलं पाकीट काढलं,
आवाज न करता चार तळले,
चौघांना चार ठिकाणी बसवलं,
खाली, मध्ये, कडेला, पुन्हा खाली.
तेहेतीस. हिशेब जुळला.

सकाळी इचलकरंजीची गाडी गाठायची म्हणून
डबा बांधत होतो.
"बघू," ती म्हणाली.
हात थरथरत आला डब्यात,
एकावर गेला, सोडला,
दुसऱ्यावर गेला, सोडला,
खालून नेमका एक काढला,
नाकाशी नेला.

"हा विनातिकीट आहे."

मी सुतळी शोधत राहिलो.
तिनं तो होता तिथंच परत ठेवला,
वरचे चार नीट केले, तिला जमले तेवढे.
"जाऊ दे," म्हणाली, "एवढी गर्दी आहे.
आज तपासनीस कोण येतोय."