मोजणारीला सांगायचं नाही

त्या वर्म म्हणतात.
पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणाच्या तरी वर्मावर
बोट ठेवायचं काम असणार.
तसं नव्हतं. इथे बोट लावायचंच नाही.
प्लॅटिनमची तार, केसाहून जराशी जाड,
ज्योतीत लाल करायची, निववायची,
आणि मग स्वल्पविरामाएवढा जीव
या ताटलीतून त्या ताटलीत.

मी कालिन्यालाच कँटीनला होते, म्हणून चायना ग्रास मला येतो.
हे त्याला अगर म्हणतात. पण उकळी तीच, गुठळी तीच,
ओतायची वेळही तीच:
हाताला सोसेल आणि अजून थिजणार नाही,
मधलं ते एक मिनिट.
दिवसाला दोनशे ताटल्या.
वसईचा डाबरे म्हणतो, हौसाताई,
तुमच्या ताटलीवर बुरशीसुद्धा रुसते.

खोलीत एसी बंद. अळ्यांच्या कपाटात मात्र वीस डिग्री.
नझनीन त्याचं दार उघडून
पाच सेकंद जास्तच उभी राहते
आणि शाल्मली न बघता ओरडते, दार!

शिकवणं असं:
लोण्याचा वास यांना जन्मजात आवडतो,
तर त्याच वासात दीड तास उपाशी ठेवायचं.
बस. पुन्हा लोणी आलं की उलट्या फिरतात.
एका रात्रीत विसरतातही. मग नवी ताटली.
शाल्मली मला हे आकृती काढून समजावत होती.
मी म्हटलं, पोरी, कँटीनच्या आधी चौदा वर्षं
पेडर रोडला लोकांच्या घरी तूप कढवलंय मी.
ती गप्प झाली. वहीत काहीतरी लिहिलं,
ते बहुतेक दुसरंच असेल.

अंगात मज्जापेशी तीनशे दोन.
प्रत्येकीला नाव आहे, भिंतीवर तक्ता आहे.
मस्टरवर मी 'अस्थायी, तीन'.

मला मोजायला बसवतात कारण मला माहीत नसतं.
इंदुलेखा मॅडम ताटल्यांवर नुसती अक्षरं घालतात.
कुठली शिकलेली, कुठली अडाणी,
ते लिफाफ्यात बंद.
ज्याला उत्तर हवं असतं त्याचे डोळे खोटं बोलतात, म्हणतात त्या.
नझनीनचे तीन वर्षांचे आकडे असेच गेले.
मला काहीच नको असतं, म्हणून माझे डोळे चालतात.
डावीकडे किती, उजवीकडे किती.
मधल्या गोलातून ज्या हलल्याच नाहीत
त्या धरायच्या नाहीत.
त्यांचं मला आधी वाईट वाटायचं.
डाबरेचं हे सहावं वर्ष. त्याला मी ते बोलले नाही.

आता अडचण अशी झालीय की मला कळतं.
कधीपासून, सांगता येत नाही.
शिकलेली अळी वळायच्या आधी मान जरा
(मान नसते, पण तुम्ही बघाल तर मानच म्हणाल)
आखडून घेते,
एकदा पोळलेला हात तव्याजवळ थबकतो तशी.
काल रात्री लिफाफा फोडायच्या आधी
मी ताटल्यांचे दोन ढीग लावले. गंमत म्हणून.
बावीसपैकी बावीस.

शाल्मलीनं कागद दोनदा ताडून पाहिला.
मग माझ्याकडे अशी बघत राहिली
जसं भिंगाखाली काहीतरी नवीन हललंय.
डोक्यावरून विमान गेलं, काचा वाजल्या.
ती म्हणाली, ताई, मग आता तुम्हाला मोजता येणार नाही.
मग म्हणाली, मॅडमना सांगायला हवं.
मग म्हणाली, नको ना सांगायला?

माझं पत्र सहा महिन्यांचं असतं.
या खेपेचं तीस तारखेला संपतं.
मोजणीचे साडेतीन हजार वेगळे.

आज नव्या बावीस आल्यात.
मी चष्मा पुसला, 'क' भिंगाखाली सरकवली,
आणि जिथे मान नसते
तिथे न बघण्याचा प्रयत्न करत
मोजायला लागले.
एक. दोन.
ही मधलीच. ही धरायची नाही.