पक्कं बांधू नका

बिंदू चौकात, तुरुंगाच्या भिंतीसमोर
माझं बाइंडिंगचं दुकान.
तीस वर्षं खळ शिजवतोय
त्या भिंतीकडं तोंड करून.
पण ती खरी बघितली
तो आला त्या दिवशी.
त्यानं आधी भिंत बघितली, मग मला,
मग म्हणाला, पुठ्ठा कितीला?

न्यान लिन.
दोनदा विचारलं नाव. तिसऱ्यांदा त्यानंच
चिठ्ठीवर लिहून दिलं, देवनागरीत,
जोडाक्षर, वेलांटी जागच्या जागी.
ब्रह्मदेशातला. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेला.
माझ्या पावतीवर 'देश' असा रकाना नाही,
हे त्याला लई आवडलं.
एसपी ऑफिसच्या फॉर्मवर असायचा,
दर वर्षी.

पुठ्ठ्याला आतनं रद्दी पेपर डकवतो मी.
तो ओल्या खळीतलं वाचत बसायचा:
पाण्याची वेळ, ट्रॅक्टर विकणे आहे,
कुणाचा तरी दहावा.
'वाळू दे की मर्दा,' मी म्हणायचो.
मग एकदा सांगितलं.
सात वर्षं. कागद बाळगायला बंदी.
पण चिरूट मिळायचे आत,
आणि चिरुटाच्या बुडाशी असते पेपरची सुरळी.
ती उकलायची, भाताच्या पेजेत बुडवून ताणायची.
'अर्धी वाक्यं मिळायची.
उरलेली अर्धी शेजारच्या कोठडीकडं असायची.
भिंतीवर टकटक करून मागायचो.'

चप्पल लाइनीत मायाप्पाकडं घेऊन गेलो.
बेडीचा वळ बरोबर पट्ट्याखाली येत होता.
मायाप्पानं पट्टा दोन बोटं पुढं घेतला.
विचारलं काही नाही. पैसे तेवढेच.

त्याचा विषय: तुरुंगाच्या नोंदवह्या.
त्यापायी मोडी शिकला. मला अजून येत नाही.
संस्थानच्या काळातली दप्तरं, वाळवीनं जाळी केलेली,
त्यांतनं एक रकाना तो वर्षभर वाचत होता:
मयत. कारण, ताप.
मयत. कारण, ताप.
'माझ्या मित्राच्या नावापुढंही हेच लिहिलंय,' म्हणाला,
'शंभर वर्षांनी, दुसऱ्या भाषेत.'
मी अरी खाली ठेवली.
तेवढंच केलं मी.

पाच प्रती. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
नावाआधी 'डॉ.' टाकू का, म्हटलं.
'आधी मिळू दे.'
मिळाली. पासपोर्ट मिळाला नाही.
आईचं गेल्याचं पत्र
सव्वा वर्षानं आलं, तीन देश फिरून.
त्या दिवशी दुकानात आला,
नुसता कागद एकसारखे करत बसला, संध्याकाळपर्यंत.

नंतर तो समोरच्या फूटपाथवर दिसायला लागला.
जामीन मंजूर, पण पंधरा हजारांना माणूस नाही
म्हणून आत राहिलेल्यांचे अर्ज लिहीत.
गडहिंग्लजच्या एका म्हातारीला त्याचं मराठी कळेना,
तर मला हाक मारली, दुभाषा म्हणून.
मराठीतनं मराठीत.
शिपाई आधी हटकायचे. पुढं पुढं
तेच एखाद्याचं नाव हळूच सांगून जायचे.

मग गेला. सरहद्दीवरच्या एका गावात,
पळून आलेल्यांची जबानी लिहून घ्यायला.
जाताना एक वही बांधायला दिली,
आत मेलेल्यांची नावं, आणि खरी कारणं.
मी टोचायला घेतलं, तर हात धरला.
'पक्कं बांधू नका.'
तीस वर्षांत असं गिऱ्हाईक नाही आलं.
स्क्रू लावून दिले, पितळेचे.

वही माझ्याकडंच असते.
पोस्टानं कागद येतात. कधी वीस, कधी नऊ.
मी स्क्रू काढतो, कागद घालतो, पुन्हा पिळतो.
पितळ झिजलं, एकदा बदललं.
परवा एकच कागद आला.
एकच नाव, माझ्यासाठी मुद्दाम देवनागरीत,
आणि खाली: लावण्याआधी मोठ्यानं वाचा.

दुपार होती. चौकात रिक्षांचा कालवा.
मी उठून उंबऱ्यात आलो, भिंतीकडं तोंड केलं
आणि वाचलं.
जोडाक्षराशी जीभ अडखळली,
म्हणून परत वाचलं.