हिल्क्काचा गुडघा

यार्क्कोने कॉफीचा कप बाजूला सारून
टेबलावर माहितीपत्रक पसरलं,
तेव्हाच हिल्क्काच्या मनात त्याचा एक गुण कापला गेला.
आमच्याकडे आधी कॉफी, मग इंजिन.

चार सिलिंडर, एकशे पस्तीस अश्वशक्ती,
धुरात काजळी म्हणाल तर औषधालासुद्धा नाही,
फक्त निळ्या झाकणाच्या टाकीत
अधूनमधून युरिया ओतत राहायचा.
"युरिया ओटाला घालतात," हिल्क्का म्हणाली,
"इंजिनाला कशाला? त्याला काय कणसं धरायचीत?"
यार्क्को हसला,
दर गिऱ्हाइकामागे हसत असेल, तेवढंच.

बाहेर अंगणात आमचा जुना.
एकोणऐंशी सालचा, लाल रंगाचं आता
गाजराचं साल झालेलं.
तिसरा इंजेक्टर थंडीत खोकतो,
हायड्रॉलिक दुपारनंतर कुरकुरतं,
ऑइल गळतं, पण शिस्तीत,
त्याच जागी, तेवढंच;
तिथे गवत उगवायचंच विसरून गेलंय.
त्याचं काय दुखतंय ते मला
स्वयंपाकघरातून ऐकू येतं.

गावात विचारलं.
तौनोचा नवा ऐन कापणीत थांबला,
पडद्यावर एक पिवळा दिवा.
इंजिन ठणठणीत, पण कुठल्याशा सेन्सरने
त्याला पटवलं होतं की तू आजारी आहेस.
दोन दिवस माणूस आला नाही,
तिसऱ्या दिवशी पाऊस आला. ओट आडवे.
आणि वेईयोचा, त्याच कंपनीचा, त्याच सालचा,
सहा हजार तास चालला;
बॉनेट उघडलं ते पाहुण्यांना दाखवायला.
कोणाचं खरं मानायचं?
दोघंही खोटं बोलणाऱ्यांतले नाहीत. तीच पंचाईत.

मग हिल्क्काने अट घातली:
एक रात्र इथे ठेवून जा. हीटर लावायचा नाही.

पहाटे उणे एकतीस.
नदीवरून वारा नाही, आवाज नाही,
बुटांखाली बर्फ तेवढा करकरत होता.
नव्याला किल्ली दिली. दुसऱ्या गिरकीला सुरू.
पडद्यावर उमटलं:
युरिया गोठला आहे, वितळेपर्यंत चालवून घेतो.
"रीतभात आहे," हिल्क्का म्हणाली.
जुना चार वेळा नाही म्हणाला.
पाचव्यांदा असा धूर सोडला
की कुंपणालगतचे भूर्ज दिसेनासे झाले,
कुत्रं कोठारामागे पळालं,
आणि मग तोही सुरू.
दोन्हींच्या मधोमध आम्ही दोघी बहिणी,
पापण्यांवर दहिवर,
निकाल कोणाकडेच नाही.

मी वहीत रकाने आखले.
हमी किती वर्षं, हप्ता किती,
तंत्रज्ञ किती किलोमीटरवर,
जुन्याचे पार्ट अजून किती दिवस मिळतील.
बेरीज तीनदा केली,
तीनदा वेगळी आली.

तेवढ्यात ती सहज नव्यावर चढली.
चार रुंद पायऱ्या.
कठड्याला लोंबकळली नाही,
मध्ये थांबून आभाळ बघितल्याचं नाटक केलं नाही.
ते आभाळ बघणं
मी इतकी वर्षं आभाळ बघणंच समजत होते.
चाळीस हिवाळे जुन्याचा क्लच
डाव्या पायाने दाबला तिने,
आणि गुडघ्याची गोष्ट कुणाला,
म्हणजे मला, कळू दिली नाही.
वर काचेआड बसून ती
आरसे नीट करत होती.
मी वही मिटली.

पिवळा दिवा फेब्रुवारीत लागलाच.
पेत्तेरी लॅपटॉप घेऊन निघाला, एकशे दहा किलोमीटर,
आणि आमच्याच फाट्यावर त्याची गाडी बर्फात रुतली.
जुन्याने ओढून आणली.
बिघाड सापडायला तीन तास लागले:
केसाएवढी वायर, उंदराने कुरतडलेली.
जुन्याच्या सीटखाली
उंदरांच्या किती पिढ्या नांदल्या,
त्याने कधी ब्र काढला नाही.

बिल दोनशे ऐंशी युरो.
मांजर वेईयोने फुकट दिलं.