पर्म

मोकपो बंदरामागे, मासळीबाजार संपतो तिथं
यॉनह्वाचं सलून.
अमोनियाचा वास, नासक्या अंड्याचा, त्यावर कॉफीचा.
खुर्चीत मालसून, ऑक्टोपस विकून आलेली,
बोटांना अजून मीठ.
"घट्ट वळव गं, सहा महिने टिकायला हवं."

सुट्टीला आलेली लेक एकेक रोलर पुढे करते.
देजॉनच्या प्रयोगशाळेतून आलीय, गप्प कशी बसेल?
"केस म्हणजे प्रथिन, मावशी. अमिनो आम्लांची माळ.
एक दुसऱ्याचा हात धरतं
तेव्हा पाण्याचा एक रेणू सुटतो, दरवेळी.
मग माळ पीळ घेते, पिळाला पीळ बिलगतो,
आणि मधेच कुठे कुठे
गंधक गंधकाशी गाठ मारून बसतं.
आई आत्ता त्या गाठी सोडवतेय."

मालसूनचे डोळे मिटलेले.
"जुळताना पाणी सुटतं म्हणतेस?"
"हो."
"लग्नातही तसंच," म्हणते
आणि खुर्ची करकरेपर्यंत हसते.

दुसरं औषध.
वळणावर शेजार बदललेला असतो,
गंधक चाचपतं, जवळ सापडेल त्याच्याशी
नवी गाठ मारतं.
रोलर निघतात. आरशात मेंढीच्या कोकरासारखं डोकं.
मालसून ते दोन्ही हातांनी दाबून बघते,
नोटा मोजते, एक कमी देते.

लेक एवढं बोलत नाही:
की मुळाशी, कातडीखाली,
जुनाच मजकूर वाचला जातोय अक्षर न चुकता,
आणि महिन्याला नखभर
केस येतो तो सरळच.

यॉनह्वाला ते पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.
त्यावरच दुकान चालतं,
त्यावरच देजॉनची फी.