पकडती नै

मानवतच्या जिनिंगबाहेर, सरकीच्या धुळीत
आडवी उभी राहिली माझी चारशेसात.
चावी फिरवली की आतून नुसतं
घर्र्र्र
दोर न बांधताच कुणी रहाट फिरवत बसावं तसं.

बॅटरी गेली, केळीवाला म्हणाला.
डिझेल संपलं असंल, म्हणाला केरबा हमाल.
संकलेच्या दुकानातल्या पोरानं तर
नव्या बॅटरीचं बिलबुकच उघडलं.
मी हेडलाइट लावले. भरदुपारी लख्ख.
हॉर्न दाबला, टपरीखालचं कुत्रं उठून गेलं.
मग?

मग पाथरी रोडच्या लिंबाखालून
फसीहोद्दीन उस्तादला आणलं.
सायकलच्या कॅरेजला पाने, पाइप, एक गोणपाट.
पस्तीस वर्षं इंजिनांना कान दिले त्यानं,
इंजिनांनी ते ठेवूनच घेतले.
आम्ही तिघंचौघं ओरडून आजार सांगू लागलो
तर हात वर करून म्हणाला,
"चिल्लाओ मत. मैं बहरा हूँ, गाडी नै."

गोणपाट टाकून खाली शिरला.
हातभर लांब पेचकस काढला,
टोक टेकवलं स्टार्टरच्या अंगाला,
मूठ धरली दातांत,
आणि बोटानं खूण केली.
मुंजानं चावी मारली. घर्र्र्र.
अजून एकदा.
मी वाकून पाहत होतो. उस्तादच्या गालाचं हाड
बारीक थरथरत होतं, डोळे मिटलेले,
कडू औषध चघळत असल्यासारखे.

"मोटर अच्छी है," पेचकस पुसत म्हणाला,
"घूमती है. पकडती नै."

आधी बॅटरीची वायर सोडवली.
मग तीन बोल्ट. दोन सरळ माणसासारखे आले.
वरचा हाताला लागेना, नजरेला तर नाहीच.
त्याला डिझेल पाजलं, बिडी ओढली,
घाई न करता दुसरी ओढली,
मग पाइप लावून पाना असा हळू रेटला
की बोल्टलाच वाटावं, आपणहून निघालो.

दहा किलोचं धूड छातीवर झेलून बाहेर आला.
नाकाडात कापूस,
ग्रीस पिऊन पिऊन नमद्यासारखा घट्ट.
सिझनभराचा सगळा माल जणू
थोडा थोडा माझ्याकडंच ठेवून गेलेला.
बेंडिक्स मोकळं करून अंगठ्यानं पिनियन फिरवली.
एकीकडं फिरावी, दुसरीकडं अडावी, असा कायदा.
ही दोन्हीकडं फिरली.
"देख," म्हणाला, "किसी को ना नै बोलती."

मी काहीच बोललो नाही.
जिनच्या शेठला सकाळीच चौथी खेप कबूल करून बसलो होतो.

मुंजा एसटीनं परभणीला गेला, नवं बेंडिक्स आणायला.
तोवर उस्तादनं बॅटरीवर चालणारी बत्ती
फ्लायव्हीलच्या भोकात धरली.
रिंगचे चार दात झिजलेले, शेजारीशेजारी.
बाकीचे कोरे.
इंजिन थांबतं ते दरवेळी त्याच ठिकाणी,
मार पडतो तो दरवेळी त्याच चौघांना.
"सिझन के बाद गिअरबॉक्स उतारेंगे,
रिंग गरम करके पलटा देंगे.
तब तक अडी, तो चौथ्यात टाक,
हातभर ढकल, फिर चावी मार."

पाच वाजता मुंजा आला, बेंडिक्स वहीच्या कागदात.
दांड्यावर बोटाच्या टोकाएवढंच ग्रीस लावलं.
मी म्हणालो, अजून थोडं?
त्याला ऐकू गेलं नाही, पण कळलं.
"जितना ग्रीस, उतना कापूस."

वायर जोडली. चावी.
एकच कोरडी टक्,
आणि गाडीनं सगळं अंग झाडलं,
टपावरची सरकी काचेवरून खाली ओघळली.
"झाली रे!" केरबा ओरडला.

उस्ताद पाठमोरा होता,
पोत्यावर बसून काडीनं नखातलं काळं काढत,
चपला बाजूला, अनवाणी तळवे जमिनीला टेकलेले.
मान न वळवता म्हणाला,
"दूसरे सिलिंडर का नोझल भी दिखा ले कभी."