प्रवासाचा रकाना

अर्जात एक रकाना असतो :
गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर कुठे होता,
किती दिवस, कशासाठी.
मी प्रत्येक ओळीत पिंपळखुटाच लिहिलं.
कारणाला जागा बोटभर.
भावाचं लग्न, बारा दिवस.
बाबांचं वर्षश्राद्ध, नऊ.
एका ओळीत नुसतंच ‘कुटुंब’.
त्या खेपेला कोणी आजारी नव्हतं,
मला अंबाडीची भाजी खायची होती.

अर्ज देऊन चौदा महिने झाले.
आता आलेय ती मायच्या मोतियासाठी.
वकीलबाई म्हणाली, जा खुशाल,
पण शपथेची तारीख कधीही निघेल,
निघाली की हजर राहा.

म्हणून संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर चढते.
सातव्या पायरीला रेंज.
खाली तुरीची गंजी, थ्रेशरचा भुसा,
मोबाइलवर गोल फिरत राहतं काहीतरी,
मग तेच : काम सुरू आहे.
मोतीराम कोल्हे खालून ओरडतात,
“लागला का वो बाई नंबर?”

तलाठ्याकडेही एक अर्ज पडलाय.
सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं चढायची.
“तुम्ही आता इकडच्या की तिकडच्या?”
प्रलंबित, मी म्हणते.
तो हसत नाही. वही मिटतो.

मायच्या डोळ्यात थेंब टाकताना
ती वर आढ्याकडे बघत विचारते,
“शप्पथ घेतं म्हंजे कोनाची घेतं?”
तिथल्या राजाची.
“तो वयखते काय तुले?”
नाही.
“मंग मोडली त कोन मरन?”

मी पहिल्यांदा कॅनडाला निघाले तेव्हा
तिनं फाटकाशी हात धरून स्वतःची घातली होती :
पाच वर्षांत वापस येजो.
आता नववं चाललंय.
तिला साधा खोकला झाला तरी
मी तिकडे रात्री उठून बसते.

विसाव्या दिवशी, सातव्या पायरीवर, तारीख आली.
भाऊ तिकीट बदलायला कारंज्याला गेला.
थेंब अजून तीन आठवडे टाकायचे होते,
वहिनीला बाटल्या दाखवल्या,
लाल झाकणाची आधी.

काळा चष्मा लावून माय फाटकापर्यंत आली.
वाळल्या अंबाडीची पुडी पर्समध्ये कोंबली,
आणि बस दिसल्यावर, दुसरीकडेच बघत,
“सुटली,” म्हणाली.
एवढंच.

शपथेआधी एक कागद भरून घेतात :
अर्ज दिल्यानंतर देशाबाहेर गेला होता का?
हो. बावीस दिवस.
कारण : मोतिया, डावा डोळा.
उजवा बाकी आहे.