अवकाळी

आमच्या गावाचं नावच अवकाळी.
पाहुणे हसतात, पाटीला टेकून फोटो काढतात.
आता तर खालच्या वळणावरूनही दिसतं
डोंगराच्या कुशीत जांभळट-गुलाबी काहीतरी पेटलेलं,
आणि घाटातला ड्रायव्हर विचारतो,
लग्न आहे का हो वर?

लग्न नाही. स्ट्रॉबेरी आहे.
पौषात सूर्य लवकर डोंगर उतरतो,
तेव्हा टायमर टक्क करतो
आणि चार हजार रोपांना सांगतो, अजून दिवस आहे.
रोपं ऐकतात.
मीही ऐकते; साडेदहापर्यंत जांभई येत नाही.

मी नोंदवही सांभाळते:
तापमान, ओल, पाणी किती वाजता सुटलं.
झिलू ढेबे माशी आहे.
म्हणजे पगारच त्या कामाचा.
थंडीत पडदे खाली, मधमाशीला दार नाही,
म्हणून तो पोरांचा चित्रकलेचा ब्रश घेऊन
फुलावर वाकतो, एकदा गोल फिरवतो, पुढे सरकतो.
सारी उमर रानात पोळी उतरवण्यात गेली त्याची,
अंगठ्याच्या मुळाशी अजून गाठी आहेत डंखांच्या.
"जल्मभर त्यांचं खाल्लं," म्हणतो,
"आता त्यांची पाळी भरून देतोय."

या उजेडात सगळंच फसवं.
पानं काळी, माझे हात वांग्याच्या रंगाचे,
पिकलेलं आणि कच्चं सारखंच उजळ;
तोडणीला साधी बॅटरी लागते.
झिलूचे पांढरे केस मात्र झक्क गुलाबी.
त्याला मी सांगितलेलं नाही.

एकदा कारवीचं विचारलं.
"सात सालं गप ऱ्हाती. आठव्याला समदा डोंगर.
कुनी सांगतं व्हय तिला?"
मग टायमरच्या डबीकडे बघत राहिला,
बोलला काहीच नाही.

परवा वीज गेली. नऊ वाजून वीस.
लगेच शांत झालं नाही,
पंख्यांची घरघर हळूहळू उतरत गेली,
मग झालं.
नियम असा की दोन मिनिटांत जनरेटर.
मी दोरीला हात घातला.
"थांब की वाईच," झिलू म्हणाला.

प्लॅस्टिकच्या पलीकडे चांदणं होतं.
डोळे सरावले तशी फुलं दिसू लागली,
पांढरी.
तीन महिन्यांत रात्री कधी मी ती पांढरी पाहिली नव्हती.
ठिबकच्या नळीतून कुठेतरी थेंब पडत होता
आणि कुणीच कुणाला
काही सांगत नव्हतं.

थंडी चपलेतून वर चढली. काटा सहावर आला.
"लाव आता," तोच म्हणाला.

वहीत लिहिलं: वीज खंडित, ९.२० ते ९.३८.
शनिवारी मालकांनी बोट ठेवलं,
अठरा मिनिटं कशाला लागली?
"दोरी अडकली हुती," झिलू म्हणाला,
ब्रश झटकला
आणि पुढच्या वाफ्याकडे गेला.

झिलूचीही काही फुलं चुकतात.
मग फळ एका अंगानं फुगतं, दुसरीकडे बसकं राहतं.
पुण्याच्या डब्यात तसलं चालत नाही,
ती मी ओच्यात घालून घरी नेते.
पोरगी एकेक उचलून निरखते.
म्हणते, आई, यांना कुणीतरी मागून
हाक मारलीय बघ.